साक्षीदार हयात आहेत तोवर

ग्रंथ आणि चित्रपट ही दोन्ही समाजाच्या स्मृतीची भांडारे होत. परंतु त्यांच्या आयुष्यमानात विलक्षण अंतर आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ज्ञानेश्वरी नकलकारांच्या पिढ्यांनी आमच्या हाती सुखरूप पोचविली. उलट, १९२५ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी निर्माण केलेला ‘सावकारी पाश’ हा मूकपट शंभर वर्षेही तगला नाही. आज त्याची प्रत पाहावयास मिळत नाही. उरले आहे ते त्याचे नाव, त्याची कथा आणि तो पाहिलेल्यांनी लिहून ठेवलेल्या चार ओळी. ताडपत्र आणि कागद टिकला, पण चांदीचा मुलामा दिलेली फीत टिकली नाही. याचा दोष केवळ फितीच्या रसायनाकडे जात नाही. ज्ञानेश्वरीची नक्कल करणारा मनुष्य तिला आपली समजत होता. चित्रपटाला आपले समजणारा प्रेक्षक पुष्कळ होता, पण त्याच्या हाती प्रत नव्हती; आणि ज्याच्या हाती प्रत होती, त्याला खेळ उतरल्यावर तिचे काही मोल वाटत नव्हते.

सुरत शहराच्या पूर्वेस असलेल्या गोडादरा या वस्तीत राहून आम्ही हा विचार मांडीत आहो, यास कारण आहे. एके काळचे हे खेडे आज महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट लोकवस्तीचा भाग झाले आहे. लिंबायत, डिंडोली, उधना या शेजारच्या भागांप्रमाणेच येथेही खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांचा भरणा मोठा आहे. सुरतेहून निघणारी जुनी ताप्ती व्हॅली रेल्वे नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर या गावांना या शहराशी जोडते. आणि दुष्काळाच्या वर्षांनी, तुकड्या झालेल्या जमिनींनी व कर्जांनी ज्यांना गावी राहू दिले नाही, ते याच गाडीने येथील यंत्रमागांपर्यंत आले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी, असा त्यांचा चार भाषांचा संसार आहे. या संसारात जुन्या मराठी चित्रपटांनी एक कोपरा धरून ठेवला आहे. पाळी संपवून आलेली, किंवा आता पाळीच उरली नाही अशी वयस्क मंडळी सोसायटीच्या बाकड्यांवर बसली की ‘सांगत्ये ऐका’ प्रथम कोणत्या गावी आणि कोणत्या साली पाहिला, दूरदर्शनवर तो दाखविला तेव्हा त्यातली कोणती लावणी कापली होती, ‘जगाच्या पाठीवर’मधील राजा परांजपे थोर की ‘लाखाची गोष्ट’मधील, यावर त्यांचे वाद रंगतात. तरुण मंडळी यास म्हाताऱ्यांचा विरंगुळा म्हणतात.

आमचे मत निराळे आहे. आम्ही व्यवसायाने वकील आहो आणि साक्ष कशास म्हणावे, याचा थोडासा परिचय आम्हांस आहे. ही मंडळी बोलतात ती साक्ष होय. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने एक साधा, पण खोल विचार आपल्या न्यायव्यवस्थेत रुजविला. दस्तऐवजाचा उत्तम पुरावा म्हणजे मूळ दस्तऐवज. परंतु मूळ नष्ट झाला असेल किंवा हरवला असेल, तर दुय्यम पुरावा चालतो. दुय्यम पुराव्यात प्रमाणित नकला येतात, तशीच तो दस्तऐवज स्वतः पाहिलेल्या माणसाने त्यातील मजकुराविषयी सांगितलेली हकीकतही येते. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. पण हे तत्त्व त्यातही कायम राहिले आहे. आमच्या चित्रपटांचे मूळ दस्तऐवज फार मोठ्या प्रमाणात नष्ट झाले आहेत. म्हणून त्यांचा इतिहास लिहावयाचा, तर दुय्यम पुराव्यास शरण जाणे भाग आहे. आणि त्या पुराव्यातील सर्वांत नाशवंत भाग म्हणजे हयात साक्षीदार.

मूळ दस्तऐवज का नष्ट झाले, हे थोडक्यात पाहू. १९५० च्या सुमारापर्यंत जगभर चित्रपट ज्या फितीवर घेत, ती नायट्रेटची असे. हा पदार्थ भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटला की पाण्यानेही सहजासहजी विझत नाही; न पेटला तरी उष्ण, दमट हवेत तो चिकट होतो आणि शेवटी त्याची भुकटी होते. मुंबई, कोल्हापूर, पुणे येथील हवामानात अशा फितीचे आयुष्य किती असणार? शिवाय तिच्यावरील थरात चांदी असे. खेळ संपलेल्या चित्रपटापासून मिळकतीची आशा उरली नाही, की फिती धुऊन ती चांदी काढून विकणे हा व्यवहार होता. १९३१ साली प्रदर्शित झालेला ‘आलम आरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा अपूर्ण अवस्थेत शिल्लक आहेत ते काही मोजके. मराठी बोलपटाचे दैव त्या मानाने बरे म्हणावयाचे. ‘प्रभात’चा १९३२ मधील ‘अयोध्येचा राजा’ आज पाहता येतो, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला ‘संत तुकाराम’ही पाहता येतो. पण दैवाच्या आधारावर समाजाने किती काळ विसंबावे? ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील कोठारात आग लागली आणि तेथे जपलेल्या मौल्यवान नायट्रेट फिती भस्मसात झाल्या.

या नाशात कायद्याचाही वाटा आहे. १९५४ साली आपल्या संसदेने असा कायदा केला की, प्रकाशकाने प्रत्येक नव्या ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास व आणखी तीन ग्रंथालयांस विनामूल्य पाठवावी. दोन वर्षांनी त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. चित्रपटाचा उल्लेख त्यात नाही. म्हणजे एखाद्या सामान्य पाककृतीच्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याला पोचावी, असा दंडक झाला. पण त्याच वर्षी ज्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, त्या आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ची प्रत कोठे जपून ठेवावी, असे कोणत्याही ग्रंथपालाला विचारण्याचा अधिकार या कायद्याने दिला नाही. अमेरिकेत याच्या उलट एक मौजेचा प्रकार घडला. तेथील जुन्या कायद्यात चित्रपट असा वर्गच नव्हता. म्हणून १९१२ पर्यंत निर्माते आपला चित्रपट छायाचित्रे म्हणून नोंदवीत आणि त्यासाठी सबंध चित्रपट कागदी पट्टीवर उतरवून काँग्रेसच्या ग्रंथालयात दाखल करीत. पुढे मूळ फिती जळाल्या, कुजल्या. पण त्या कागदी पट्ट्या ग्रंथालयात पडून राहिल्या आणि त्यांवरून सुमारे तीन हजार चित्रपट पुन्हा फितीवर उतरविता आले. कायद्याच्या अपुरेपणातून निघालेला एक कारकुनी नियम कलेचा तारणहार ठरला! आमच्याकडे तसा नियमही नव्हता.

जे वाचले, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका संस्थेला आणि एका माणसाला आहे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आपले आयुष्य त्यास वाहिले. १९९१ साली ते निवृत्त झाले, तोवर गावोगाव हिंडून, गोदामे व अडगळीच्या खोल्या धुंडाळून त्यांनी हजारो चित्रपटांचे डबे पुण्यास आणविले होते. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे जे काही तुकडे आज पाहता येतात, ते याच खटपटीमुळे. २०१६ साली नायर निवर्तले. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, आणि त्याच वर्षी बावीसशे चित्रपटांच्या पुनरुद्धाराची घोषणा सरकारने केली. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु जे डबे कधीच कोठे पोचले नाहीत, त्यांचे काय?

येथे ‘सावकारी पाश’कडे पुन्हा वळणे प्राप्त आहे. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील हा चित्रपट. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथांनी पडदा व्यापलेला असताना बाबूरावांनी एका कुणब्याची कहाणी त्यावर आणली. सावकार लबाडीने त्याची जमीन गिळतो. तो गाव सोडून शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. वाचकहो, गोडादऱ्यातील कोणत्याही गल्लीत उभे राहून ही कथा सांगा. ऐकणाऱ्यांपैकी निदान दोघे तरी म्हणतील, की ही आमच्या वडिलांची गोष्ट आहे. गिरणीच्या जागी यंत्रमाग घाला, की कथा जशीच्या तशी उभी राहते. ज्या चित्रपटावर या वस्तीचा सर्वांत मोठा हक्क पोचतो, नेमका तोच पाहण्याची सोय उरलेली नाही.

त्याविषयीचा दुय्यम पुरावा मात्र आहे, आणि तो कसा तपासावा लागतो, याचाही हा उत्तम नमुना आहे. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी बाबूरावांच्या आठवणीत एक दृश्य नोंदविले आहे: काळोखात बुडालेली उदास झोपडी आणि एका कुत्र्याचे विव्हळणे. हे दृश्य पुढे अनेकदा १९२५ च्या मूकपटाच्या नावे सांगितले गेले. पण मूकपटात कुत्र्याचे विव्हळणे ऐकू येणार कसे? बाबूरावांनी त्याच कथेवर १९३६ साली बोलपटही काढला होता. वाडियांची नोंद नीट वाचली असता दिसते की, मूकपट आपल्याला अंधुकच आठवतो, बाबूरावांची खरी थोरवी बोलपट पाहिल्यावर उमगली, असे ते सांगतात. साक्षीदाराने खरे तेच सांगितले. घोटाळा झाला तो त्याची साक्ष पुढे सांगत गेलेल्यांच्या हातून. ऐकीव पुराव्याविषयी न्यायालये एवढी सावध का असतात, हे यावरून ध्यानी यावे. म्हणूनच बाकड्यावरील वादाला आम्ही मान देतो. एक जण दृश्य सांगतो आणि दुसरा विचारतो, “हे तू स्वतः पाहिलेस की कोणाकडून ऐकलेस? कोणत्या गावी? कोणत्या साली?” ही उलटतपासणीच होय, आणि ती बहुधा कोर्टातल्याहून कडक असते.

आमच्या कोंकणी वाचकांस हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा वाटेल. गोवा पोर्तुगीज अमलाखाली असतानाच, २४ एप्रिल १९५० रोजी, आल जेरी ब्रागांझा यांचा ‘मोगाचो आंवडो’ म्हापशात प्रदर्शित झाला. तो पहिला कोंकणी चित्रपट. आणि त्याच्या स्मरणार्थ २४ एप्रिल हा कोंकणी चित्रपट दिन म्हणून पाळला जातो. परंतु ज्याचा दिवस पाळावयाचा, तो चित्रपट सबंध पाहण्याची सोय आज नाही. पुढे १९६३ साली ‘आमचें नशीब’ आणि १९६६ साली ‘निर्मोण’ आला. ‘निर्मोण’ची कथा तर १९६७ साली ‘तकदीर’ या नावाने हिंदीत गेली. या दोन्ही चित्रपटांतील फ्रँक फर्नांद यांचे संगीत गोमंतकीयांच्या कानांत अद्याप आहे, कारण गाणी आकाशवाणीने आणि तबकड्यांनी जगविली. ‘मोगाचो आंवडो’ला तो आधार पुरेसा लाभला नाही. १९५० साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. म्हापशात, मुंबईच्या धोबीतलावावरील कुडांत किंवा परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या गोमंतकीय घरात तो चित्रपट पाहिलेली व्यक्ती आजही असू शकेल. तिला कोणी विचारले आहे काय? एखाद्या भाषेच्या पहिल्या चित्रपटाचे साक्षीदार हयात असावेत, ही संधी मराठीने केव्हाच गमावली. १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिलेला एकही प्रेक्षक आता उरलेला नाही. त्या चित्रपटाची शिल्लक असलेली रिळे १९१३ ची, की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, असा वाद अभ्यासकांत आहे. प्रेक्षक हयात होते, खुद्द दादासाहेब १९४४ पर्यंत हयात होते. तेव्हा कोणी रिळे समोर ठेवून विचारले असते, तर हा वाद उद्भवलाच नसता.

या सर्व इतिहासात दूरचित्रवाणीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. तिने जुन्या चित्रपटास दुसरा जन्म दिला आणि स्वतःच्या अपत्यांस मात्र पुष्कळदा पाळण्यातच गमावले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यावर दाखविल्या जाणाऱ्या मराठी चित्रपटांनी एक नवा प्रेक्षक घडविला. ज्यांच्या जन्मापूर्वी ‘प्रभात’ बंद पडली, त्या मुलांनी शेजाऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसून ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ पाहिले. चित्रगृहातून उतरलेला चित्रपट म्हणजे मेलेला चित्रपट, हा व्यापाऱ्यांचा समज दूरदर्शनने खोटा पाडला. पण त्याच केंद्राने निर्माण केलेल्या कार्यक्रमांचे काय झाले? त्या काळी मुद्रणफीत महाग होती; एकाच फितीवरील जुना कार्यक्रम पुसून नवा मुद्रित करण्याची रीत होती. चिं. वि. जोशी यांच्या ‘चिमणराव’ला दिलीप प्रभावळकरांनी व ‘गुंड्याभाऊ’ला बाळ कर्वे यांनी दिलेले रूप लाखोंच्या मनात ठसले, परंतु त्या मालिकेचे सर्व भाग काही आज पाहता येत नाहीत. जे घराघरांत दिसले, ते घराघरांच्या आठवणीतच राहिले.

सुरतेकडच्या मराठी माणसाची कथा याहून निराळी आहे. मुंबईच्या प्रक्षेपणाचा लाभ मुंबई-पुण्याला झाला. गुजरातेत राहणाऱ्यास तो सहज नव्हता. १९८४ च्या सुमारास देशभर प्रक्षेपक उभे राहिले, तेव्हा येथे दिल्लीचे हिंदी आणि अहमदाबादचे गुजराती कार्यक्रम आले. राष्ट्रीय वाहिनी रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवी. त्यात कधी तमिळ असे, कधी बंगाली, कधी आसामी, आणि पाळी येईल तेव्हा मराठी. स्वभाषेचा चित्रपट पडद्यावर पाहण्यासाठी एरवी सुट्टीत गावी जावे लागे. जत्रेतील तंबूत किंवा तालुक्याच्या चित्रगृहात जो लागला असेल, तो पाहावा आणि त्याची कथा परत येऊन मागवाल्या सोबत्यांना सांगावी. पाहिलेला एक आणि ऐकणारे दहा, असा तो व्यवहार होता. आम्हांस वाटते, गोडादऱ्यातील मंडळींची स्मृती एवढी तल्लख राहिली, याचे हेच कारण असावे. ज्याला चित्रपट पुनःपुन्हा पाहता येतो, त्याला तो ध्यानात ठेवण्याची गरज नसते. ज्याला एकदाच मिळाला, त्याने तो जपून आणला. १९९९ साली ‘अल्फा मराठी’ व २००० साली ‘ई टीव्ही मराठी’ या वाहिन्या उपग्रहावरून सुरू झाल्या आणि २००७ साली केवळ मराठी चित्रपटांची ‘झी टॉकीज’ आली, तेव्हा केबलच्या तारेने हा दुरावा संपविला. तोवर आठवणीत जतन केलेल्या चित्रपटाची पडद्यावरील चित्रपटाशी प्रथमच गाठ पडली; आणि वादांना खरा रंग तेव्हा चढला. कारण पडद्यावर दिसणारा चित्रपट जाहिरातींसाठी तोडलेला, वेळेत बसविण्यासाठी छाटलेला आणि पुष्कळदा कोणत्या तरी जीर्ण प्रतीवरून उतरविलेला असे. “यात अमुक प्रसंग होता,” असे म्हणणारा वृद्ध मनुष्य भ्रमिष्ट नसतो; बहुधा त्याचेच बरोबर असते.

आता मालकी हक्काचा विचार करू. कारण जुन्या चित्रपटांच्या चाहत्यांस या बाबतीत उगीचच धाक वाटतो. १९५७ च्या कायद्याने चित्रपटावरील हक्काची मुदत प्रकाशनानंतर ५० वर्षे ठरविली होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. ही वर्षे प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजावयाची. म्हणजे १९५३ मधील चित्रपटाचा हक्क २०१३ च्या अखेरीस आणि १९६० मधील चित्रपटाचा २०२० च्या अखेरीस संपला. तथापि कथा, पटकथा, गीते यांच्या लेखकांचे हक्क निराळे असतात. ते त्या त्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. साने गुरुजी १९५० साली निवर्तले, म्हणून त्यांच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकावरील हक्क २०१० अखेर संपला, ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ पर्यंत पोचतो. शिवाय हक्क संपला म्हणून प्रत हाती येते, असे नाही. प्रत ही वस्तू आहे. ती ज्याच्या कपाटात आहे, त्याच्या मर्जीवर राहते. कायदा सार्वजनिक मालकी जाहीर करतो, पण कपाटाची किल्ली मागून देत नाही.

कपाटात राहिल्याचा एक अपूर्व लाभ मात्र केरळात घडला. १९३३ साली सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या कादंबरीवरील ‘मार्तंड वर्मा’ हा मूकपट तिरुवनंतपुरमला प्रदर्शित झाला. कादंबरीचे हक्क ज्या प्रकाशकाकडे होते, त्याने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले, खेळ बंद पडला आणि प्रत प्रकाशकाकडे राहिली. निर्मात्याचे दिवाळे वाजले असेल. पण पुढे चाळीस वर्षांनी, १९७४ साली, ती प्रत पुण्याच्या संग्रहालयास मिळाली. जे चित्रपट सुखाने गावोगाव फिरले, ते झिजून, जळून संपले. खटल्यात अडकलेला वाचला. आमच्या व्यवसायावर विलंबाचा ठपका नेहमी ठेवला जातो. तो बहुतांशी रास्तही आहे. परंतु या एका विलंबाबद्दल कलेने आमचे ऋणी राहावयास हरकत नाही.

परंतु प्रत्येक चित्रपटाच्या नशिबी असा खटला नसतो. म्हणून जो पुरावा आज आपल्या आवाक्यात आहे, तो आज नोंदविणे हेच आपले काम. यासाठी मोठी संस्था, अनुदान किंवा इमारत लागत नाही. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग चालतात. त्यांतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांस पाच प्रश्न विचारून उत्तरे वहीत उतरविली, तरी मोठे काम होईल: कोणता चित्रपट, कोठे, कोणत्या सुमारास, कोणाबरोबर पाहिला, आणि आज दिसतो त्यात काय नाही, जे तेव्हा होते? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जेथे कागद सापडेल, तेथे तोंडी साक्ष कागदाशी ताडून पाहावी. चित्रपटाच्या आरंभी दाखविल्या जाणाऱ्या सेन्सॉरच्या दाखल्यावर फितीची लांबी दिलेली असते. आज दाखविला जाणारा चित्रपट त्या लांबीस उतरत नसेल, तर काही तरी गळले आहे हे सिद्ध होते; आणि काय गळले, ते सांगण्यास साक्षीदार उभा राहतो. चित्रगृहाबाहेर विकली जाणारी गाण्यांची चोपडी, जुनी जाहिरात, तिकिटाचा तुकडा, गावी पेटीच्या तळाशी पडलेले मासिक, हे सारे पुराव्यातच जमा होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात मुलांना शिकविले. त्या गावाहून गोडादऱ्यास आलेल्या एखाद्या घरात गुरुजींची आठवण आणि १९५३ च्या चित्रपटाची आठवण ही दोन्ही एकाच आजीच्या तोंडून ऐकावयास मिळावीत, यात अशक्य असे काही नाही.

साक्ष घेताना सावधगिरी मात्र सोडू नये. प्रेम हे स्मृतीचे इंधन आहे, तसेच भेसळीचेही. ‘संत तुकाराम’ चित्रपटातील एक अभंग कित्येकांनी तुकोबांचाच मानला. तो वस्तुतः शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी रचलेला होता. कवीच्या दृष्टीने यासारखा दुसरा गौरव नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती चूकच, आणि ती दुरुस्त केली ती जुन्या चित्रपटांच्या जाणकारांनी. ज्ञानेश्वरीचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. ती केवळ नकलांमुळे टिकली, असे म्हणणे अपुरे होईल. नकलांत पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्या ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. आपले शब्द त्यात मिसळू नयेत, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. जतन करणारे अनेक आणि शोधणारा एक, असा तो संयोग होता. चित्रपटांच्या बाबतीत जतन करणारे साक्षीदार आमच्या गल्लीगल्लीत बसले आहेत. शोधणारा अद्याप यावयाचा आहे. तो येईल तेव्हा त्याच्या पुढ्यात काही वह्या असाव्यात, एवढी तजवीज आपल्या पिढीस करता येण्याजोगी आहे.

न्यायालयात एक सोय असते. साक्षीदार वृद्ध वा आजारी असेल, तर खटला उभा राहण्याची वाट न पाहता त्याची जबानी आधीच नोंदवून घेता येते. ती सोय कायद्याने दिली, कारण मनुष्य मर्त्य आहे, हे कायद्यास ठाऊक आहे. गोडादऱ्यात काय, म्हापशात काय, ज्यांनी जुना पडदा पाहिला, त्यांच्यापैकी दरवर्षी काही जण आपल्यातून जात आहेत, आणि प्रत्येकाबरोबर एखाद्या हरवलेल्या चित्रपटाची बहुधा शेवटची प्रत जात आहे. ‘सावकारी पाश’ पाहिलेल्यांच्या बाबतीत आपण उशीर केला. ‘मोगाचो आंवडो’च्या बाबतीत अजून पुरता उशीर झालेला नाही.